इतिहास घेऊन पदवी मिळवावयाची तर

बारावीचा निकाल लागला कीं घरोघर एकच प्रश्न निघतो : आतां पुढें काय? गुण चांगले असले तर वैद्यकी, अभियांत्रिकी, संगणकशास्त्र हीं नांवें प्रथम निघतात, तीं संपलीं म्हणजे वाणिज्य येतें, आणि सर्वांच्या शेवटीं, कांहींशा निरुपायाच्या सुरांत, “नाहीं तर इतिहास घेऊन बी. ए. हो” असा सल्ला दिला जातो. ज्या नाशिकच्या दक्षिणेस, शहरापासून सुमारें आठ किलोमीटरवर, दोन हजार वर्षांपूर्वींचे शिलालेख डोंगरांत कोरलेले आहेत, त्या नाशिकांतहि ही स्थिति वेगळी नाहीं.

क्वचित् एखादी मुलगी आपण होऊन म्हणते कीं, “मला इतिहासच शिकावयाचा आहे.” मग घरांतील वडील मंडळी दोन प्रश्न विचारतात. प्रवेशाला काय लागतें? आणि शिकून पोटाचें काय? दोन्ही प्रश्न रास्त आहेत, व त्यांचीं उत्तरें देतां येतात. परंतु एक तिसरा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. तो असा कीं, प्रवेश मिळाल्यावर हा विषय खरोखर शिकण्यासाठीं काय लागतें? पहिल्या प्रश्नाचें उत्तर फार सोपें आहे, आणि तें सोपें आहे म्हणूनच तिसरा प्रश्न विसरला जातो. दरवाजा रुंद आहे, म्हणून घरहि लहानच असेल अशी समजूत होते. आणि या समजुतीनें दरवर्षी कित्येक विद्यार्थ्यांचीं तीन वर्षें वायां जातात.

हा दरवाजा नेहमींच इतका रुंद नव्हता. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ सालीं झाली आणि पहिली मॅट्रिक परीक्षा १८५९ सालीं घेण्यांत आली. विद्यापीठांत पाऊल टाकावयाचें तर ती परीक्षा उत्तीर्ण होणें हीच अट होती, आणि पुढील सारें शिक्षण इंग्रजींतून होतें. १८६२ सालीं जे पहिले चार पदवीधर बाहेर पडले, त्यांत महादेव गोविंद रानडे हे एक होते. त्यांचा जन्म १८४२ सालीं नाशिक जिल्ह्यांतील निफाडचा. नाशिकांत मात्र तेव्हां महाविद्यालय नव्हतें. १९२४ सालीं गोखले एज्युकेशन सोसायटीचें हंसराज प्रागजी ठाकरसी महाविद्यालय निघेपर्यंत येथील मुलाला पदवीसाठीं पुण्याची किंवा मुंबईची वाट धरावी लागे. म्हणजे बुद्धीच्या जोडीला दुसऱ्या गांवीं राहण्याखाण्याचा खर्चहि लागे. १९४९ सालीं पुणें विद्यापीठ सुरू झालें. २०१४ पासून त्यास सावित्रीबाई फुले यांचें नांव आहे. १९७५ सालीं महाराष्ट्रांत नव्या आकृतिबंधाची दहावीची पहिली परीक्षा झाली, आणि तेव्हांपासून बारावी हा पदवीचा उंबरठा ठरला.

आजची कागदावरची पात्रता थोडक्यांत अशी आहे. कला, वाणिज्य, विज्ञान यांपैकीं कोणत्याहि शाखेंतून बारावीची परीक्षा उत्तीर्ण झालेला विद्यार्थी बी. ए.च्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेऊं शकतो. राज्य मंडळाच्या परीक्षेंत उत्तीर्ण होण्यास विषयांत शेंकडा ३५ गुण लागतात. बारावीला इतिहास हा विषय घेतलेला असलाच पाहिजे असें नाहीं. विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यालाहि इतिहास घेतां येतो. नामांकित महाविद्यालयांत जागा थोड्या व अर्ज फार असल्यास गुणानुक्रम लागतो, एवढेंच. अर्जासोबत बारावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आणि राखीव जागेवर हक्क सांगावयाचा असल्यास जातीचा दाखला व तत्संबंधीं इतर प्रमाणपत्रें लागतात. दुसऱ्या मंडळाकडून आलेल्या विद्यार्थ्यास स्थलांतर-प्रमाणपत्र द्यावें लागतें. हीं कागदपत्रें निकालाच्या आधींच जमवून ठेवलेलीं बरीं. कारण ऐन वेळीं एखाद्या दाखल्यावांचून हातची जागा जाते, आणि त्याचा दोष मग विषयाला दिला जातो.

दिल्ली विद्यापीठ, काशीचें हिंदु विद्यापीठ अशा केंद्रीय विद्यापीठांची रीत निराळी आहे. तेथें २०२२ पासून पदवीच्या प्रवेशासाठीं देशभर एकच सामाईक परीक्षा घेतली जाते, आणि तिच्या गुणांवर प्रवेश ठरतो. ज्या विद्यार्थ्यास तिकडे जावयाचें असेल त्यानें बारावीचें वर्ष सुरू होतांच त्या परीक्षेचे विषय पाहून ठेवावे. उलट ज्यांना नोकरी किंवा घरकाम सांभाळून शिकावयाचें आहे, त्यांच्यासाठीं नाशिकांतच गंगापूर धरणाजवळ यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे. तें १९८९ सालीं स्थापन झालें, व तेथें दूरशिक्षणानें बी. ए. करतां येतें.

अभ्यासाची रचनाहि अलीकडे पालटली आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार पदवी तीन किंवा चार वर्षांची झाली. विद्यार्थी एक मुख्य विषय घेतो, त्याच्या जोडीला एक दुय्यम विषय, आणि भाषा, कौशल्य इत्यादि लहान अभ्यासक्रम. कामाचें माप श्रेयांकांत मोजतात : तीन वर्षांच्या पदवीस किमान १२० आणि चार वर्षांच्या ऑनर्स पदवीस किमान १६० श्रेयांक. चौथ्या वर्षीं संशोधन करावयाचें असल्यास पहिल्या सहा सत्रांत शेंकडा ७५ गुण असावे, असें विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या आराखड्यांत म्हटलें आहे. म्हणजे प्रवेशाच्या वेळीं जी चाळणी लावली जात नाहीं, ती तीन वर्षांनंतर लावली जाते. ही गोष्ट पहिल्याच दिवशीं लक्षांत घेण्यासारखी आहे.

कागदावरची पात्रता ही एवढीच. आतां विषयाला स्वतःला काय लागतें तें पाहूं.

पांडवलेण्यांचें उदाहरण घ्यावें. तेथील तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यांत गौतमी बलश्री हिचा प्रसिद्ध लेख आहे. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णि याची ही आई. मुलाच्या मागें, नातू पुळुमावि याच्या कारकीर्दीच्या १९ व्या वर्षीं तिनें हें लेणें दान दिलें, आणि लेखांत आपल्या मुलाचे पराक्रम सांगितले. त्यांत त्यानें क्षहरात वंशाचा निःपात केल्याचा उल्लेख आहे. पाठ्यपुस्तकांत याचें एक वाक्य होतें, विद्यार्थी तें पाठ करतो, आणि परीक्षेंत लिहून गुण मिळवितो. परंतु इतिहासाचा विद्यार्थी येथेंच थांबतो आणि विचारतो : हें खरें कशावरून? गेलेल्या मुलाबद्दल आईनें लिहविलेली ही स्तुति आहे. मुलाचा पराक्रम कोणती आई लहान करून सांगेल?

या प्रश्नाचें उत्तर नाशिकच्याच परिसरांत मिळालें. १९०६ सालीं गोदाकांठच्या जोगलटेंभी या गांवीं चांदीच्या नाण्यांचा एक मोठा ठेवा सांपडला. नाणीं १३,००० हून अधिक होतीं. तीं सारीं क्षहरात राजा नहपान याचीं. पण त्यांपैकीं ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपला ठसा पुन्हां मारलेला होता. पराभूत राजाचा पैसा विजयी राजानें आपल्या नांवानें पुन्हां चालविला, असा याचा अर्थ. नाणें पाडणारास आईच्या दुःखाशीं अगर अभिमानाशीं कांहीं कर्तव्य नव्हतें. तो बाजाराची सोय पाहत होता. म्हणून त्याची साक्ष स्वतंत्र ठरते. दगडावरील स्तुति आणि धातूवरील ठसा, हे एकमेकांपासून निराळे असे दोन साक्षीदार एकच गोष्ट सांगूं लागले, तेव्हां ती इतिहासांत जमा झाली.

अशी पारख करण्याची संवय ही इतिहासाच्या विद्यार्थ्याची पहिली व खरी पात्रता होय. युरोपांत एकोणिसाव्या शतकांत रांके या जर्मन पंडितानें मूळ साधनें तपासल्यावांचून लिहावयाचें नाहीं असा दंडक घातला, आणि तेथील विद्यापीठांत इतिहास हें शास्त्र म्हणून शिकविलें जाऊं लागलें. महाराष्ट्रांत वा. सी. बेंद्रे यांनीं १९२८ सालीं ‘साधन-चिकित्सा’ हा सबंध ग्रंथच या विषयावर लिहिला. पुढें १९३३ सालीं त्यांनींच शिवाजी महाराजांचें अस्सल चित्र उजेडांत आणलें. तोंवर एका दुसऱ्याच व्यक्तीचें चित्र महाराजांचें म्हणून घरोघर लागलेलें होतें. श्रद्धा होती, हार घातले जात होते, पण चित्र चुकीचें होतें. श्रद्धा कितीहि मोठी असली तरी ती पुराव्याचें काम करीत नाहीं, हें या एका उदाहरणावरून ध्यानांत येईल.

दुसरी पात्रता भाषेची. पांडवलेण्यांतील लेखांची लिपि ब्राह्मी व भाषा प्राकृत आहे. पेशवाईचे कागद मोडींत आहेत, आणि मोडी म्हणजे नुसती वळणदार मराठी नव्हे. तींत शब्द सुटे लिहीत नाहींत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळीत नाहींत, आणि लिहिणाराच्या हाताप्रमाणें अक्षराचें रूप बदलतें. आदिलशाही व मोगली कागदांसाठीं फारसी हवी. कंपनी सरकारच्या दफ्तरासाठीं इंग्रजी. पदवीच्या विद्यार्थ्याला या सर्व भाषा याव्या असें कोणी म्हणत नाहीं, व प्रवेशासाठीं तर त्यांतील एकहि लागत नाहीं. परंतु मराठी आणि इंग्रजी या दोन भाषांतून कठीण पुस्तक बिनचूक वाचतां येणें हें किमान आहे. आणि तिसरी एखादी भाषा किंवा लिपि या तीन वर्षांत पक्की केली, तर विद्यार्थ्याची किंमत एकदम वाढते. मोडीचे वर्ग राज्याच्या पुराभिलेख विभागातर्फे व पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थांतून होत आले आहेत. पांच-सहा महिने नेटानें सराव केला तर साधें मोडी पत्र वाचतां येऊं लागतें.

तिसरी पात्रता हिशेबाची. इतिहासाला गणित लागत नाहीं, अशी समजूत करून घेऊन कित्येक मुलें इकडे वळतात. ती समजूत चुकीची आहे. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ रोजीं झाली. शालिवाहन शकाप्रमाणें तें १६८२ वें वर्ष, पौष महिना. शकांत ७८ मिळविले कीं इसवी सन येतो, असें शाळेंत शिकवितात; पण येथें तसें केलें तर १७६० येईल, आणि उत्तर चुकेल. शकाचें वर्ष चैत्रांत बदलतें व इंग्रजी वर्ष जानेवारींत. म्हणून जानेवारीपासून फाल्गुनाच्या अखेरपर्यंतच्या तारखांना ७९ मिळवावे लागतात. मराठी दफ्तरांत याहून निराळा शुहूर सन असे, व तो अरबी अंकशब्दांत लिहीत. पानिपतच्या वर्षीं कागदांवर ‘इहिदे सितैन मया अलफ’ असें लिहिलेलें सांपडतें. म्हणजे एक, साठ, शंभर व हजार मिळून ११६१. हें वर्ष मृगाला सुरू होतें, आणि त्यांत ५९९ किंवा ६०० मिळवून इसवी सन काढतात. एका वर्षाची चूक झाली तर लढाईनंतरचें पत्र लढाईपूर्वींचें ठरेल, आणि कारण व कार्य यांची अदलाबदल होईल.

पांडवलेण्यांतच दहाव्या क्रमांकाच्या लेण्यांत नहपानाचा जांवई उषवदात याचा लेख आहे. त्यानें गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे ३,००० कार्षापण कायमची ठेव म्हणून ठेविले : एका श्रेणीकडे २,००० दरमहा दरशेंकडा एक या व्याजानें, आणि दुसरीकडे १,००० पाऊण व्याजानें. या व्याजांतून भिक्षूंना वस्त्रासाठीं व इतर खर्चासाठीं पैसा मिळावयाचा. ज्याला व्याजाचा हिशेब समजतो, त्याला या चार ओळींत दोन हजार वर्षांपूर्वींच्या नाशिकची बाजारपेठ दिसते : कारागिरांचे संघ इतके भरंवशाचे होते कीं राजाचा जांवई त्यांच्याकडे ठेव ठेवी. ज्याला हिशेबाचा कंटाळा आहे, त्याला केवळ एक दान दिसतें.

चौथी पात्रता सर्वांत अवघड, ती प्रामाणिकपणाची. रानडे एल्फिन्स्टन महाविद्यालयांत शिकत असतां त्यांनीं एका निबंधांत मराठ्यांच्या राज्यकारभाराची इंग्रजी राज्याशीं तुलना केली. ती मुख्याध्यापक सर अलेक्झांडर ग्रांट यांस रुचली नाहीं, आणि रानड्यांची शिष्यवृत्ति कांहीं काळ बंद झाली, असें त्यांच्या चरित्रांत सांगितलें आहे. १९०० सालीं त्याच रानड्यांचा मराठी सत्तेच्या उदयावरील इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला, व तो आजहि अभ्यासक वाचतात. सत्ताधाऱ्यास न आवडणारें लिहिण्यास धैर्य लागतें हें खरेंच. परंतु आपल्या घरच्यांना, आपल्या आळीला, आपल्या गांवाला न आवडणारें लिहिण्यास त्याहून अधिक धैर्य लागतें.

२ मार्च १९३० रोजीं नाशिकच्या काळाराम मंदिरांत प्रवेश मिळावा म्हणून डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखालीं सत्याग्रह सुरू झाला, आणि तो पुढें कित्येक वर्षें चालला. या घटनेचे सरकारी अहवाल आहेत, वर्तमानपत्रांतील बातम्या आहेत, सत्याग्रहींच्या आठवणी आहेत, आणि दरवाजे बंद करणाऱ्यांच्या बाजूचें म्हणणेंहि आहे. नाशिकच्या एखाद्या विद्यार्थ्याचे पणजोबा त्या दिवशीं दरवाजाच्या कोणत्याहि बाजूस उभे असूं शकतील. ते ज्या बाजूस असतील ती पाहून जो कागद निवडतो, तो इतिहासाचा विद्यार्थी नव्हे. तो फार तर घराण्याचा भाट होय. सर्व कागद वाचून, झालें तें झालें असें ज्याला लिहितां येतें, त्याच्याजवळ ही चौथी पात्रता आहे. ती कोणत्याहि गुणपत्रिकेवर छापलेली नसते, आणि ती नसेल तर बाकीच्या तिन्ही निरुपयोगी ठरतात.

मग बारावी झालेल्या मुलानें अगर मुलीनें काय करावें? निकाल व प्रवेश यांमध्यें कांहीं आठवडे मोकळे असतात. ते फार मोलाचे आहेत. पहिली गोष्ट, एकाच घटनेवरील दोन पुस्तकें वाचावीं आणि त्यांत कोठें मतभेद आहे तें वहींत लिहावें. नाशिकांत १८४० सालीं स्थापन झालेलें सार्वजनिक वाचनालय आहे; पुस्तकांची सबब येथें तरी चालण्यासारखी नाहीं. दुसरी गोष्ट, १८८३ सालीं प्रसिद्ध झालेलें नाशिक जिल्ह्याचें गॅझेटियर उघडून त्यांत आपल्या गांवाचें वर्णन काढावें, आणि तें आजच्या गांवाशीं ताडून पाहावें. तिसरी गोष्ट, पांडवलेणीं नुसतीं पाहून न येतां एका लेखासमोर अर्धा तास उभें राहावें. आणि त्र्यंबकेश्वरच्या वाटेवर अंजनेरीस १९८० सालीं स्थापन झालेल्या नाणकशास्त्र-संशोधन संस्थेचा संग्रह पाहावा. चौथी गोष्ट, घरांत किंवा नात्यांत जुने कागद असतील तर ते मागून घ्यावे, त्यांची यादी करावी, व ते कोरड्या जागीं ठेवावे. हें करतांना कंटाळा आला, तर दुसरा विषय घेण्यास अजून वेळ आहे. उलट घड्याळाकडे लक्ष गेलें नाहीं, तर प्रश्न सुटला असें समजावें.

आतां वडील मंडळींचा प्रश्न : पोटाचें काय? याचें उत्तर गोड करून सांगण्यांत अर्थ नाहीं. नुसत्या तीन वर्षांच्या पदवीवर इतिहासाच्या विद्यार्थ्याला लगेच चांगली नोकरी मिळतेच असें नाहीं. त्यापुढें शिक्षणशास्त्राची पदवी घेतली तर शाळेंत शिक्षक होतां येतें, एम. ए. करून व पात्रता-परीक्षा उत्तीर्ण होऊन प्राध्यापक होतां येतें. पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत पुरातत्त्व शिकतां येतें. पुराभिलेखागारें, वस्तुसंग्रहालयें, पुरातत्त्व खातें यांत जागा थोड्या असल्या तरी असतात. केंद्रीय व राज्य लोकसेवा आयोगांच्या परीक्षांत इतिहास हा भाग आहेच. यांशिवाय दहा परस्परविरोधी कागद वाचून एक स्पष्ट पान लिहितां येणें, ही कला वकिलीला, वृत्तपत्राला व कोणत्याहि कचेरीला हवी असते. ही कला जो शिकला नाहीं, त्याची पदवी मात्र भिंतीवरच राहते. म्हणजे फिरून तिसऱ्याच प्रश्नाकडे यावें लागतें.

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे हे डेक्कन कॉलेजचे बी. ए. त्यांनीं १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचे २२ खंड प्रसिद्ध केले. त्यासाठीं गांवोगांव हिंडून जुन्या वाड्यांतील दप्तरें मिळविलीं. १९२६ सालीं धुळ्यास त्यांचा अंत झाला. परंतु त्यांच्या हातीं जें लागलें तेवढ्यानें काम संपलें असें नाहीं. गोदाकांठच्या जुन्या वाड्यांच्या माळ्यांवर, पेटींत, रुमालांत बांधलेले मोडी कागद आजहि असतात. वाडा पाडावयाचा ठरला कीं रुमाल प्रथम बाहेर निघतो, आणि घरांत तो वाचूं शकणारें एकहि माणूस नसतें. त्यांत जमिनीचा वाद असेल, दुष्काळांतील धान्याचा भाव असेल, एखाद्या विधवेचा अर्ज असेल. वाचणारा नसला तर ती रद्दी. वाचणारा असला तर तो इतिहास.

म्हणून घरांतील मुलगी जेव्हां इतिहास शिकूं म्हणते, तेव्हां तिला किती गुण मिळाले हें विचारून झाल्यावर आणखी एक विचारावें : एखादी गोष्ट खरी कशावरून, हा प्रश्न तिला स्वस्थ बसूं देतो काय? देत नसेल, तर विद्यापीठाचा शेंकडा ३५ चा उंबरठा तिनें केव्हांच ओलांडला आहे. तिला माळ्यावरचा तो रुमाल खालीं काढून द्यावा.